कायदा मोबाईलवर आला, भरवसा कुणावर?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पूर्वापार सांगितलं जातं. बाईनं ती चढणं म्हणजे तर घराण्याची अब्रू वेशीला टांगणं! पण गेल्या काही वर्षांत गंमत अशी झाली आहे, की आपण पायरी चढो न चढो, कोर्टच आपल्या मोबाईलमध्ये येऊन बसलं आहे. भिशीच्या ग्रुपवर मुलींच्या वाट्याचा निकाल फिरतो. फेसबुक उघडलं की 'तीस दिवसांत घटस्फोट'ची जाहिरात दिसते. आणि शेजारची अकरावीतली मुलगी एआयला विचारून आईला सांगते, की पोटगी अमुक इतकी मिळेल.

मी बरीच वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आहे. पूर्वी बायका ऑफिसात आल्या, की पहिलं वाक्य असायचं, "मॅडम, मला कायद्यातलं काही कळत नाही हो." आता पहिलं वाक्य असतं, "मॅडम, मोबाईलवर तर असं लिहिलंय!" हा बदल मला मनापासून आवडतो. काही कळत नाही म्हणणाऱ्या बाईला कुणीही गुंडाळू शकतं. वाचून आलेली बाई निदान चार प्रश्न तरी विचारते.

पण मोबाईलवर जे लिहिलंय ते खरं आहे का, ते आजचं आहे का आणि ते आपल्या प्रकरणाला लागू पडतं का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. कायद्याच्या पुस्तकांचा धंदा आणि वकिलीचा व्यवसाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बदलला. त्यात कायद्याचा मजकूर फुकट झाला, पण या तीन प्रश्नांची उत्तरं महागच राहिली. फुकटातलं अर्धं आपल्या पदरात पडलं आणि महागातलं अर्धं दुसऱ्याच्या. आज त्याविषयी बोलू.

आधी थोडं मागे जाऊ. जुन्या वकिलाच्या ऑफिसात भिंतभर जाडजूड पुस्तकांची कपाटं असायची, ती तुम्ही सिनेमात तरी पाहिली असतील. ती काही शोभेची नव्हेत. आपल्याकडे वरच्या कोर्टाचा निकाल खालच्या कोर्टाला मानावा लागतो. त्यामुळे आपल्यासारख्याच प्रकरणात पूर्वी काय ठरलं ते शोधून न्यायाधीशांपुढे ठेवणं, हे वकिलाचं अर्धं काम. हे निकाल छापून घरपोच करण्याचं काम मुख्यतः खासगी प्रकाशकांनी केलं. नागपूरहून निघणारा 'ऑल इंडिया रिपोर्टर', म्हणजे वकिलांच्या तोंडचा 'एआयआर', हा तर आपल्या महाराष्ट्रातला. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीनं १९६९ पासून 'सुप्रीम कोर्ट केसेस' काढायला सुरुवात केली. पण वर्गणी भरायची, अंक बांधून घ्यायचे, कपाटं करायची, हा खर्च तालुक्यातल्या नव्या वकिलाला, त्यातून बाईला, कुठला परवडायला? आम्ही बार रूमच्या लायब्ररीत जायचो आणि नेमका हवा तो खंड कुणीतरी घरी नेलेला असायचा. ज्याच्याकडे पुस्तकं, त्याच्याकडे पक्षकार, असा हिशेब होता.

मग सीडी आल्या. एका चकतीत हजारो निकाल! त्यावरून प्रकाशकांची भांडणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ईस्टर्न बुक कंपनीचं म्हणणं होतं, की आमच्या पुस्तकातला मजकूर घेऊन दुसरे सीडी विकतात. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जे सांगितलं, ते फार महत्त्वाचं आहे. न्यायालयाच्या निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, तो कुणीही छापावा. पण संपादकानं आपली बुद्धी खर्चून त्यात जी भर घातली, टिपणं लिहिली, परिच्छेद पाडून क्रमांक दिले, त्यावर मात्र त्याचा हक्क. आजच्या सगळ्या बदलाचं मूळ मला या वाटणीत दिसतं. मजकूर लोकांचा आणि त्याचा उलगडा प्रकाशकाचा.

पुढे २००८ मध्ये सुशांत सिन्हा या तरुण इंजिनिअरनं 'इंडियन कानून' हे संकेतस्थळ सुरू केलं आणि निकाल शोधणं फुकट झालं. मग सरकारी यंत्रणाही हलली. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'ई-एससीआर' सुरू करून सुमारे ३४ हजार निकाल सगळ्यांना मोफत खुले केले. त्याच महिन्यापासून निवडक निकालांचे प्रादेशिक भाषांमधले अनुवाद तिथे मिळू लागले. त्यात मराठीही आहे. हे अनुवाद करायला 'सुवास' नावाची संगणक प्रणाली वापरतात, आणि नंतर माणसं ते तपासतात. एक लक्षात ठेवा, अनुवाद आपल्याला समजावा एवढ्यासाठीच असतो. कोर्टात चालते ती इंग्रजी प्रत.

आणखी एक सोय झाली, ती तर मला सोन्यासारखी वाटते. प्रत्येक दाव्याला आता सोळा अक्षर-अंकांचा 'सीएनआर' नंबर असतो. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या मोफत अॅपमध्ये तो टाकला, की पुढची तारीख कधी, मागच्या तारखेला काय झालं, हे घरबसल्या कळतं. पूर्वी नुसती तारीख कळायला बाई एसटीनं तालुक्याला यायची, दिवसाचा रोज बुडवायची आणि "साहेब आज रजेवर आहेत" ऐकून परत जायची. आता वकील म्हणाला "तारीख पडली", तर ती का पडली आणि कुणी मागितली, हे पाहता येतं. माझ्याच काही पक्षकार बायका मला फोन करून सांगतात, "मॅडम, समोरच्यांनी परत मुदत मागितली बघा." ऐकून बरं वाटतं. थोडी धास्तीही वाटते, आता वकिलालाही ढिलं राहून चालत नाही!

इथवर सगळं छान. आता दुसरी बाजू.

मध्यंतरी माझ्याकडे एक ताई आल्या. वडील २००५ च्या आधी वारले. वडिलोपार्जित शेती दोन भावांच्या ताब्यात. भावांनी हक्कसोडपत्र तयार करून आणलं होतं आणि त्याला जोडून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची छापील प्रत. थोरला दादा म्हणाला, "हे बघ, मी काही मनचं सांगत नाही. सुप्रीम कोर्टच म्हणतंय की वडील २००५ मध्ये हयात नसतील तर मुलीला वाटा नाही." ताईंची सही करायची तयारी झाली होती. जाता जाता एकदा विचारून जावं, म्हणून आल्या.

मी ती प्रत पाहिली. अगदी खरी होती. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. ऑक्टोबर २०१५ चा निकाल. पण तो २०२० मध्येच मोडीत निघाला! ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मानं येतो आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही. हो, २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही. ताईंकडे तसं काहीच झालेलं नव्हतं. त्यांनी सही केली असती, तर खऱ्या कागदानं त्यांची फसगत झाली असती.

भावानं मुद्दाम केलं की त्यालाही माहीत नव्हतं, ते मला ठाऊक नाही. मुद्दा वेगळा आहे. इंटरनेटवर जुना निकाल मरत नाही. तो तिथेच असतो, त्याच अक्षरात, त्याच थाटात. तो पुढे रद्द झाला, हे त्या निकालाच्या मजकुरात कुठेही लिहिलेलं नसतं, आणि कसं असणार? तो लिहिला तेव्हा पुढचं घडलंच नव्हतं. 'हा निकाल अजून चालतो का' ही खूण करून ठेवणं हेच मोठ्या प्रकाशकांचं खरं भांडवल आहे. वर्गणीदार वकिलाला निकाल उघडताच समजतं, की हा पुढे बदललेला आहे. फुकटच्या प्रतीवर अशी खूण असेलच, असं नाही. म्हणजे पूर्वी पुस्तकच विकत मिळायचं, आता पुस्तक फुकट आहे आणि ते शिळं झालंय की ताजं आहे, हे सांगण्याचे पैसे पडतात.

शिळं-ताजं हा प्रश्न १ जुलै २०२४ पासून आणखी वाढला आहे. त्या दिवशी १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागीही नवे कायदे आले. दुकानातली, कपाटातली आणि आमच्या डोक्यातली पुस्तकं एका रात्रीत जुनी झाली. सासरच्या छळाचं '४९८ अ' आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. पोटगीचं '१२५' आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेलंय. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, आणि नव्या संहितेतलं ३०२ आहे धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं! गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल, तर मात्र जुनंच कलम लागतं. म्हणून जुनी पुस्तकं रद्दीतही घालता येत नाहीत. व्हॉट्सअॅपवर कलमांचे जे तक्ते फिरतात, त्यातला कुठला कधीचा, हे न बघता त्यावर विसंबू नका. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तसाच आहे, त्याला या बदलानं हात लागलेला नाही, एवढं जरूर लक्षात असू द्या.

आता एआयकडे येऊ. कायद्याच्या प्रकाशनातला पैसा आज इकडे वळला आहे. थॉमसन रॉयटर्स या बड्या कंपनीनं २०२३ मध्ये केसटेक्स्ट नावाची कायद्याचं एआय करणारी अमेरिकन कंपनी ६५ कोटी डॉलरला घेतली, यावरून कल्पना करा. वकिलांसाठीच्या महागड्या एआयमागे निदान निकालांचा तपासलेला साठा असतो. पण आपल्या फोनमध्ये फुकट मिळणारं एआय वेगळं. त्याला उत्तर माहीत नसलं, तरी ते "माहीत नाही" म्हणेलच असं नाही. ते छानसं, पटेल असं उत्तर जुळवून देतं. निकालाचं नाव, वर्ष, न्यायाधीश, सगळं बेमालूम!

यात भले भले फसले आहेत. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलर दंड केला, कारण चॅटजीपीटीनं दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल त्यांनी कोर्टात दाखल केले होते. अमेरिकेतलं झालं ते, आपल्याकडे कुठलं, असं म्हणू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा एका कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला. त्यात ज्या निकालांचे दाखले दिले होते, ते कुठे सापडेचनात. एआयच्या या जमान्यात अशी उत्तरं डोळे मिटून न घेता पडताळून पाहिली पाहिजेत, असं न्यायालयानं बजावलं. केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी नियमच केला, की निकाल ठरवण्यासाठी एआय वापरायचं नाही. तिथे कंपनीकडे मोठे वकील होते, त्यांनी चूक पकडली. पोटगीसाठी एकटी झगडणारी बाई ती कशी पकडणार?

शिवाय एआय आपल्याला उलट प्रश्न विचारेलच, याची खात्री नाही. पोटगी किती मिळेल, हे नवऱ्याचं उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असणारी माणसं, बाईची कमाई, मुलांची शाळा, अशा दहा गोष्टींवर ठरतं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं, की नवरा-बायको दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर द्यायची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. हे शपथपत्र नीट भरणं आणि समोरच्याच्या शपथपत्रातल्या खाचाखोचा काढणं, यावर पोटगीचा आकडा हलतो. त्याचं दुकान कुठे आहे, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे, हे फोनला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक असतं.

वकिली व्यवसायही बदलतोय. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण अशी मोजकी माहिती देता येते, बस. पण मधल्या काळात कंपन्यांनी वकिलांच्या याद्या, रेटिंग आणि 'पॅकेज' अशी दुकानं मांडली. मद्रास उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये याबद्दल कडक शब्दांत सुनावलं आणि अशा ऑनलाइन याद्यांविरुद्ध कारवाई करायला सांगितलं. तरी जाहिराती दिसतातच. 'तीस दिवसांत घटस्फोट' असं कुणी हमखास देऊ शकत नाही. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा, तर वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत कमी करायची की नाही, हे न्यायालय ठरवतं, कंपनी नव्हे. आणि स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला, म्हणून घटस्फोट होत नाही. दूरच्या शहरातल्या वकिलानं फोनवर पैसे घेतले आणि तुमच्या तालुक्यात तारखेला कुणी उभंच राहिलं नाही, तर तुम्ही कुणाच्या दारात जाऊन भांडणार?

आता मी जे सांगणार आहे, ते या विषयावरच्या लेखांत फारसं वाचायला मिळत नाही. कोर्ट मोबाईलवर आलं खरं, पण मोबाईल कुणाचा? अर्ज ऑनलाइन भरताना मोबाईल नंबर आणि ई-मेल द्यावा लागतो. आपल्याकडे किती बायकांचं सिमकार्ड नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर असतं! ई-मेल वकिलाच्या कारकुनानं उघडून दिलेला, त्याचा पासवर्ड त्याच्याकडेच. नव्या फौजदारी प्रक्रियेत कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानंही येऊ शकतं. ते गेलं दिराच्या फोनवर आणि त्यानं सांगितलंच नाही, तर बाई गैरहजर ठरते. सगळी मोठमोठी यंत्रणा एका ओटीपीपाशी येऊन थांबते, आणि तो ओटीपी तिसऱ्याच्या हातात.

याच फोनवरून फसवणूकही चालते. खाकी कपड्यातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, सर्वोच्च न्यायालयाचा खोटा आदेश दाखवतो आणि "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणून पैसे उकळतो. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वयस्कर जोडप्याला असे खोटे आदेश दाखवून लुबाडलं, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलिसांनी चौकशीला हजर राहण्यासाठी द्यायची नोटीसही व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. असं काही झालं, तर फोन ठेवा आणि लगेच १९३० वर तक्रार करा.

शेवटचा मुद्दा अब्रूचा. पूर्वी कोर्टातलं भांडण फायलीत पडून राहायचं. आता निकाल नावानिशी इंटरनेटवर येतो. मुलीचं दुसरं लग्न ठरवताना लोक तिचं नाव टाकून शोधतात. सासऱ्यांनी केलेले गलिच्छ आरोप, डॉक्टरांचे अहवाल, मुलांची नावं, सगळं वाचायला मिळू शकतं. मघाशी मी पोटगीचा निकाल सांगितला, त्यातल्या नवरा-बायकोची नावं मी मुद्दाम दिली नाहीत. पण देशभरातले वकील तो निकाल त्या दोघांच्या नावानंच ओळखतात आणि पुढेही ओळखत राहतील.

कायदा याबाबत मुका नाही. बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशी प्रकरणं बंद दाराआड चालायची असतात आणि त्यांचा तपशील छापायचा नसतो. पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायालयाच्या परवानगीनं छापता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की कौटुंबिक प्रकरणात पक्षकारांनी आग्रह धरला, तर कोर्टाच्या संकेतस्थळावर त्यांची ओळख द्यायची नाही. उलट, खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल काढून टाकण्याचा मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश 'इंडियन कानून'नं आव्हान दिल्यावर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवला. न्याय उघड्यावर व्हावा, हेही खरं आणि बाईची अब्रू चव्हाट्यावर येऊ नये, हेही खरं. कोर्टाचं कामकाज बंद दाराआड होणार असेल, तर त्याचा कागद जगभर का फिरावा, हा माझा साधा प्रश्न आहे. निकाल छापावा, नावं झाकावीत. कायदा त्यानं काही अडत नाही.

तर मग आपण काय करायचं? मोबाईल बंद करून ठेवायचा का? मुळीच नाही. वाचा, शोधा, छापून घ्या. पण कुठलाही निकाल हातात आला, की त्याची तारीख बघा आणि वकिलाला सरळ विचारा, "हा पुढे बदललाय का? माझ्या प्रकरणात तो कसा बसतो?" कुणीही निकाल दाखवून सही मागितली, तर त्या दिवशी सही करू नका. एआयनं निकालाचं नाव दिलं, तर ते सर्वोच्च न्यायालयाच्या किंवा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सापडतं का ते पाहा. सापडलं नाही, तर ते नाही असंच धरून चाला. वकीलपत्रावर सही करताना सीएनआर नंबर मागून घ्या. अर्जात नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या, पासवर्ड स्वतःकडे ठेवा. कौटुंबिक प्रकरण असेल, तर पहिल्याच तारखेला वकिलाला सांगा, की कामकाज बंद दाराआड चालवण्याचा आणि नावं झाकण्याचा अर्ज द्या.

आणि वकील परवडत नसेल, तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुन्हा सांगते, अट नाही. दाखले गोळा करण्यात महिने घालवू नका. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या किंवा १५१०० या नंबरवर फोन करा. बऱ्याच कोर्टांच्या आवारात ई-सेवा केंद्रही असतं, तिथे तारीख, प्रती आणि ऑनलाइन अर्जाची मदत मिळते.

पण सगळी जबाबदारी आपणच का उचलायची? निकाल देणारं न्यायालय आपलं, ते आपल्या पैशावर चालतं. तर कुठला निकाल आज चालतो आणि कुठला मोडीत निघाला, ही खूण सरकारी संकेतस्थळावर फुकट आणि ठळकपणे मिळायला हवी, तीही मराठीत. आपल्या राज्यात खालच्या कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनं मराठी केली आहे. मग ज्या निकालांवर ती कोर्टं चालतात, ते समजून घ्यायला बाईनं इंग्रजीचा नाहीतर भावाचा आधार का घ्यावा? ई-सेवा केंद्रात एक जाणकार बाई बसवायला कितीसा खर्च येतो? आपल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी तालुका विधी सेवा समितीला पत्र देऊन या गोष्टी मागायला हव्यात. हळदीकुंकवाला एखाद्या वर्षी वाणाऐवजी विधी सेवेच्या वकीलबाईंना बोलवा, त्या येतात.

पूर्वी कायदा कपाटात कुलूपबंद होता, तेव्हा आपण त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हतो. आता तो उघड्यावर आला आहे. कुणी तो वाचून दाखवला, तर आपण ऐकतो आणि मान डोलावतो. यापुढे मान डोलावण्याआधी एवढंच विचारायचं, "तारीख काय आहे त्याची?"